न कोमेजणारी फुले

गेल्या लेखात शेवंतीविषयी लिहिले होते. त्यावर काही वाचक भगिनींनी विचारले, की फूल खरे असावे आणि तरीही फुलदाणीतले पाणी रोज बदलावे लागू नये, असे काही बागेत लावता येते का? अवश्य येते. मात्र प्रारंभीच सांगतो, ही सदाफुली नव्हे. सदाफुलीचे झाड वर्षभर फुलते, पण तिचे खुडलेले फूल लवकरच मान टाकते. आज ज्यांच्याविषयी लिहीत आहे, ती फुले वाळल्यानंतरही आपला आकार आणि बराचसा रंग राखून असतात. त्यांत मुख्य दोन, हेलिक्रायसम आणि बटणफूल.

हेलिक्रायसम मूळचे ऑस्ट्रेलियातले. वांतना या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सम्राज्ञी जोसेफिन हिच्या मालमेझाँ येथील उद्यानात ते त्या वेळी फुलत होते. त्याचे आजचे शास्त्रीय नाव झेरोक्रायसम, म्हणजे ‘कोरडे सोने’. रोपवाटिकेत मात्र जुनेच नाव चालते. फुलाला बोट लावले की ताज्या फुलातूनही कागदासारखा कुरकुर आवाज येतो. याचे कारण असे, की आपण ज्यांना पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नसून फुलाला वेढणारी रंगीत सहपत्रे असतात आणि झाडावर असतानाच ती जवळजवळ कोरडी झालेली असतात. खरी फुले म्हणजे मधली पिवळी चकती. जे आधीच कोरडे आहे, ते कोमेजणार कसे!

आपल्याकडे पठारी भागात याचे बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पेरावे. बी तिळापेक्षा बारीक असून उगवण्यासाठी त्याला उजेड लागतो, म्हणून ते मातीत पुरू नये. ओलसर मातीवर पसरून हलकेच दाबावे आणि वरून झारीने नव्हे, तर फवाऱ्याने पाणी द्यावे. साधारण आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात. चार-पाच पाने आली की रोपे एक-एक फुटावर लावावीत. ऊन भरपूर हवे, पाण्याचा निचरा उत्तम हवा. शेणखत बेताचेच घालावे. खताचा हात सैल सोडला की झाड पानांनी माजते आणि देठ लुळे पडतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसल्यास पाण्याच्या धारेने धुऊन काढावा, बहुधा तेवढे पुरते.

इथवर सारे सोपे आहे. खरा प्रश्न येतो तो फूल कापण्याच्या सकाळी. बाहेरच्या दोन-तीन फेऱ्या उलगडल्या असतील आणि मध्य अजून मिटलेला असेल, तेव्हाच हेलिक्रायसम कापावे लागते. कापल्यानंतरही ते वाळता वाळता उमलत राहते. पूर्ण उमलू देऊन कापले, तर सहपत्रे मागे वळतात, मध्य फुगतो आणि त्यातून म्हातारीसारखा कापूस उडू लागतो. म्हणजे बागेतली शोभा आणि घरातली शोभा या दोन्ही एकाच फुलाकडून मिळत नाहीत. आमच्या घरी यावरून दर माघात मतभेद होत. सौभाग्यवतींचे म्हणणे, ऐन भरात येणारे फूल कापणे म्हणजे ताटावरून पाहुण्याला उठवणे. पुढे माझ्या थोरल्या भगिनी अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या खोलीत फुलदाणीचे पाणी बदलणारे कोणी नव्हते आणि बागेत येणे तर त्यांना अशक्यच. त्या वर्षी सौभाग्यवतींनी स्वतःच कात्री घेतली. आता दोन वाफे असतात, एक पाहण्याचा आणि एक ताईंचा.

हेलिक्रायसमचा देठ वाळल्यावर फुलाचे डोके पेलू शकत नाही. म्हणून ताजेपणीच देठ आखूड कापून फुलाच्या बुडातून बारीक तार वर खोवावी. फूल वाळताना आकसते आणि तारेला घट्ट धरते. दव ओसरल्यावर फुले कापावीत, पाने काढावीत आणि फूल हलकेच झटकावे, म्हणजे आत बसलेला एखादा जीव अडकत नाही. मग आठ-दहा फुलांची जुडी करून हवेशीर, अंधाऱ्या जागी उलटी टांगावी. तार लावली नसेल तर देठांना दोऱ्याऐवजी रबर बांधावे. देठ आकसले की दोरा सैल पडून जुडी निसटते. दोन-तीन आठवड्यांत फुले तयार होतात. पुढे त्यांच्यावर थेट ऊन येऊ देऊ नये, रंग उडतो. पावसाळ्यात ही फुले मिटलेली दिसली तर बुरशी आली असे समजून टाकून देऊ नका. दमट हवेत सहपत्रे मिटतात आणि कोरड्या हवेत पुन्हा उघडतात.

बटणफूल, अर्थात गोम्फ्रेना, त्या मानाने फार समजूतदार. जून-जुलैत पेरले की दिवाळीच्या सुमारास जांभळ्या, गुलाबी, पांढऱ्या गोंड्यांनी भरते. बियांवर लोकर असते, म्हणून पेरण्यापूर्वी रात्रभर भिजवावे. याचे फूल मात्र पूर्ण भरल्यावरच कापायचे, वाळताना ते आणखी उमलत नाही. नेपाळात याला मखमली म्हणतात आणि भाऊबीजेला बहिणी याचीच माळ भावाच्या गळ्यात घालतात, कारण ती कोमेजत नाही. वहीपूजनाला दुकानाच्या चौकटीवर अशी माळ बांधून पाहा. गल्ल्यावरच्या प्लॅस्टिकच्या धुळकट गुच्छापेक्षा ती निश्चितच शोभून दिसेल. ज्या घरी फूल न तोडण्याचा नेम आहे त्यांनीही बटणफूल लावावे. ते झाडावरच कित्येक आठवडे टिकते आणि झाड आपोआप वाळले की गोंडे अलगद काढून घेता येतात.

बियांसाठी प्रत्येक रंगाची दोन-तीन उत्तम फुले कापू नयेत. हेलिक्रायसमचा कापूस सुटू लागला की सकाळी वारा नसताना बी गोळा करावे, सावलीत वाळवावे आणि कागदी पाकिटात भरून त्यावर रंग व महिना लिहून ठेवावा. संकरित बी आणले असेल, तर पुढच्या वर्षी तोच रंग येईलच असे नाही. आमच्याकडे गेल्या खेपेस लालच्या पाकिटातून तांबूस-पिवळी फुले आली आणि ताईंना तीच अधिक आवडली.