प्रशिक्षणाचा उतारा कोण मोजणार?

पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या खोऱ्यातील मांजरी बुद्रुक येथे वसंतदादा साखर संस्था आहे. १९७५ साली ‘डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट’ या नावाने तिची स्थापना झाली, तेव्हापासून राज्यातील साखर कारखानदारीला लागणारे संशोधन व प्रशिक्षण ती पुरवीत आली आहे. अशा संस्थेतून शिकून गेलेला रसायनतज्ज्ञ चांगला की सुमार, हे त्याने अभ्यासक्रमाच्या अखेरच्या दिवशी भरून दिलेल्या कागदावरून ठरत नाही. गव्हाणीत मोळी पडते, गाळप सुरू होते आणि साखरेचा उतारा बोलू लागतो. उतारा घसरला, तर सभासद शेतकरी वार्षिक सभेत उभा राहून जाब विचारतो. शिक्षणाचे मोल कामाच्या ठिकाणी ठरावे आणि ज्याच्या पोटाचा त्याच्याशी संबंध आहे त्याने ते ठरवावे, हा व्यवहार मांजरीच्या परिसरात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

सार्वजनिक आरोग्यासाठी शासन जे प्रशिक्षण देते, त्याच्या वाट्याला मात्र असा उतारा आणि असा सभासद क्वचितच येतो. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ पासून साथरोगशास्त्राचे क्षेत्रीय प्रशिक्षण दिले जाते. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ साली दोन वर्षांचा ‘इंडिया एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ हा कार्यक्रम सुरू झाला. १९५१ साली अमेरिकेत अलेक्झांडर लँगम्यूर यांनी उभ्या केलेल्या सेवेचा आदर्श त्यामागे आहे. वर्गात थोडे आणि साथीच्या ठिकाणी अधिक शिकावे, हे या पद्धतीचे सूत्र. अधिछात्राला साथीचा तपास, रोगसर्वेक्षणाची तपासणी, अहवाललेखन ही कामे प्रत्यक्ष करावी लागतात. केवळ घोकंपट्टी करून प्रमाणपत्र मिळवावे, अशी ही व्यवस्था नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि या कामाचे परीक्षण मुख्यतः मार्गदर्शक करतात आणि प्रशिक्षणाविषयीचा अभिप्राय मुख्यतः अधिछात्राकडून घेतला जातो. ज्या गावात तो तपास करून आला, त्या गावाचे मत या हिशेबात सहसा येत नाही. खरी उणीव येथे आहे.

अधिछात्राचा अभिप्राय निरुपयोगी आहे, असे नव्हे. परंतु त्याच्या मर्यादा उघड आहेत. ज्या संस्थेकडून विद्यावेतन मिळते, प्रमाणपत्र मिळावयाचे असते आणि पुढील नेमणुकीसाठी शिफारस हवी असते, त्या संस्थेच्याच हाती द्यावयाच्या कागदावर कोणता शहाणा माणूस परखड मत लिहील? नाव लिहिण्याची सक्ती नसली, तरी पंधरा-वीस जणांच्या तुकडीत हस्ताक्षर आणि भाषा ओळखू येतेच. मग व्याख्याने उद्बोधक, व्यवस्था समाधानकारक आणि भोजन उत्तम, असा निष्कर्ष निघतो व संचिका बंद होते. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार टप्पे अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडले : शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, कामावर गेल्यावर त्याचे वागणे बदलले काय, आणि त्यातून शेवटी काय साधले. त्यांपैकी पहिल्या टप्प्यावरच थांबणे हे शासकीय प्रशिक्षणांचे जुने दुखणे आहे. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यासाठी कार्यालयाबाहेर पडावे लागते.

बाहेर पडून कोठे जावे, याचे उत्तर पुण्याच्या सीमेवरच मिळते. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. पूर्वेची मांजरी बुद्रुक त्यांत होती आणि सिंहगड रस्त्याकडील नांदेड व किरकटवाडी ही गावेही होती. एका दिवसात ग्रामपंचायती विसर्जित झाल्या, परंतु नळ, गटारे आणि दवाखाने एका दिवसात महापालिकेचे होत नसतात. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी व धायरी या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेवर गेली आणि काहींना प्राण गमवावे लागले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आढळला आणि पिण्याच्या पाण्यावर संशय केंद्रित झाला.

अशा प्रसंगी प्रशिक्षित माणसाचे काम काय असते? रुग्ण कोणत्या विहिरीचे, कोणत्या टँकरचे, कोणत्या जलवाहिनीचे पाणी पीत होते, हे घरोघर विचारून नकाशावर मांडणे. जुन्या ग्रामपंचायतीचा पाणीसोड्या आणि नव्या महापालिकेचा अभियंता यांना एकत्र बसविणे. आणि घाबरलेल्या रहिवाशाला आज कोणते पाणी प्यावे हे समजेल अशा भाषेत सांगणे. यांतील पहिले काम पाठ्यपुस्तकात शिकवले जाते. उरलेली दोन कामे शिकवली गेली काय, हे पुस्तक सांगू शकत नाही. ते पाणीसोड्याला, अभियंत्याला आणि रहिवाशालाच विचारावे लागेल. मांजरीने ती साथ अनुभवली नसेल. पण तिचे स्थित्यंतर त्याच दिवशी सुरू झाले आणि नव्या वसाहतींचा भारही तसाच वाढतो आहे. उद्या तेथे कोणी प्रशिक्षित अधिकारी धावून आला, तर तो कशाच्या बळावर येणार, हा प्रश्न मांजरीकरांच्या जिवाचा आहे.

म्हणून अभिप्रायाची दिशा बदलली पाहिजे. अधिछात्राने जेथे काम केले तेथील आशा कार्यकर्ती, आरोग्यसेविका, प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ, पाणीपुरवठ्याचा कर्मचारी आणि प्रथम रुग्ण तपासणारा खासगी डॉक्टर यांना विचारावे. प्रश्न साधे असावेत. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने तुमची वही पाहिली काय? तुमच्याकडून घेतलेल्या माहितीचे काय झाले, हे परत येऊन सांगितले काय? त्याच्या सूचनेमुळे कोणती एक गोष्ट बदलली आणि ती वर्षभर टिकली काय? याच्या जोडीला काळाचे मापही घेता येते. रोगाचा उद्रेक सात दिवसांत ओळखावा, एका दिवसात कळवावा आणि पुढील सात दिवसांत प्राथमिक उपाय उभे करावेत, असा निकष २०२१ पासून जगभर चर्चेत आहे. प्रशिक्षित मनुष्यबळ असलेल्या व नसलेल्या जिल्ह्यांत या तीन मापांचा फरक पडतो किंवा नाही, हे पाहता येणे अशक्य नाही.

ही कल्पना परकी आहे, असेही नाही. जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात गावोगावच्या आरोग्यसेविका नियमितपणे एकत्र येत, आपापल्या गावचे अनुभव मांडत आणि त्या अनुभवांतूनच पुढचे शिक्षण घडे. शिक्षण आणि अभिप्राय या तेथे दोन गोष्टी नव्हत्याच. पुढे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला आणि पुणे जिल्हा त्यात आरंभापासून होता. ग्रामस्थांनी आरोग्यकेंद्रांची प्रगतिपत्रके भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना उत्तरे द्यावी लागली. ज्या लोकांनी दवाखान्याला गुण दिले, त्यांना दवाखान्यात शिकून आलेल्या माणसाला गुण देता येणार नाहीत, असे कोण म्हणेल?

यावर आक्षेप घेतला जाईल, आणि तो पोकळ नाही. साथ आटोक्यात येणे न येणे एकट्या अधिछात्राच्या हाती नसते. निधी, बदल्या, राजकीय दडपण यांचाही त्यात वाटा असतो. साखरेचा उताराही केवळ रसायनतज्ज्ञावर अवलंबून नसतो; उसाची जात आणि तोडणीतला विलंब यांचाही तो परिणाम असतो. म्हणून कारखान्याने उतारा मोजणे सोडले नाही. उलट तो मोजल्यामुळेच दोष उसाचा, तोडणीचा की यंत्राचा, हे शोधता आले. दुसरा आक्षेप सामान्यांच्या अज्ञानाचा. साथरोगशास्त्राच्या सूत्रांवर आशा कार्यकर्तीने मत द्यावे, असे कोणी म्हणत नाही. तिने पाहिलेले तिला विचारावे, इतकेच.

त्यासाठी मोठा खर्च नको, काही शिस्त हवी. अभिप्राय प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने गोळा करू नये. ते काम अन्य तटस्थ संस्थेकडे असावे. अधिछात्राला पहिल्यांदा निरोपाच्या दिवशी आणि पुन्हा एक वर्षाने विचारावे, कारण वर्गात कंटाळवाणा वाटलेला धडा पुष्कळदा कामावर उपयोगी पडतो आणि रंजक वाटलेला विसरला जातो. आलेले आक्षेप नावे वगळून प्रसिद्ध व्हावेत आणि त्यांपैकी कोणत्यामुळे अभ्यासक्रमात काय बदलले, हे पुढील तुकडी सुरू होण्यापूर्वी जाहीर व्हावे. ज्या अभिप्रायाला उत्तर मिळत नाही, तो दुसऱ्यांदा कोणी मनापासून देत नाही.

सार्वजनिक आरोग्याचे यश दिसत नाही, ही त्याची अडचण आहे. टळलेली साथ वृत्तपत्रात येत नाही आणि वाचलेल्या माणसाला आपण वाचलो हे ठाऊकही नसते. अशा कामात प्रशिक्षणाचे अपयश वर्षानुवर्षे झाकून राहू शकते. ते उघडे पडते तेव्हा किंमत मोजणारा माणूस प्रशिक्षणसंस्थेच्या सभागृहात नसतो. तो शहराच्या कडेला, नुकत्याच महापालिकेत आलेल्या एखाद्या गावात हंडा घेऊन उभा असतो. कारखान्याच्या सभासदाला वार्षिक सभा तरी असते. या माणसाला विचारण्यासाठी शासनाने एक कागद अद्याप छापावयाचा आहे.