रडणे थांबते, दुखणे थांबत नाही

सात-आठ महिन्यांचे, अंगाने चांगले भरलेले बाळ. आठवडाभरापूर्वी त्याला सर्दी झाली, किंवा दोन दिवस जुलाब झाले आणि थांबले. आता ते एकाएकी किंचाळून रडते, पाय पोटाशी घेते. दोन-चार मिनिटांनी शांत होते. घरात सर्वांना हायसे वाटते. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तीच किंकाळी.

अशा वेळी दादी म्हणते, नजर लागली. नानी म्हणते, दात येत आहेत. कोणी घुटी उगाळते, कोणी ग्राइप वॉटर आणते. दात येताना बाळे चिडचिड करतात हे खरे. पण असे ठरावीक अंतराने येणारे रडणे वेगळे असते. मध्ये शांतता असते, म्हणूनच ते फसवे असते.

या आजाराला डॉक्टर इंटुससेप्शन म्हणतात. कुर्त्याची बाही काढताना ती आतल्या आत ओढली जाते, तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही; पण अनेक बाळांना आधी विषाणूचा संसर्ग झालेला असतो. त्यात अॅडिनोव्हायरसचे नाव विशेष घेतले जाते. संसर्गाशी लढताना आतड्याच्या आतील ग्रंथी सुजतात. ती सूज आतड्याच्या हालचालीबरोबर पुढे ढकलली जाते आणि आतडेही ओढून नेते. अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा दबतो. वेळ गेला तर तो भाग मरतो.

हा आजार क्वचित होतो. पण झाला तर प्रश्न तासांचा असतो. म्हणून भगिनींनो, या खुणा लक्षात ठेवा : थांबून थांबून येणारे रडणे, वारंवार उलटी, विशेषतः हिरवी, बाळ मलूल पडणे आणि शीमध्ये आव-रक्त. रक्त दिसण्याची वाट पाहू नका. ते बरेचदा उशिरा दिसते. तसेच आव-रक्त म्हणजे हगवणच, असे समजून दुकानातून औषध आणू नका.

पोखर्णीहून परभणीला रस्ता आहे, रेल्वे आहे; पण रात्री गाडीची वाट पाहण्यापेक्षा 108 ला फोन करावा. जिथे सोनोग्राफी होते आणि शल्यचिकित्सक आहेत, तिथेच जावे. तशी सोय नसेल तर पुढे कुठे जायचे, हे डॉक्टरांना लगेच विचारावे. वाटेत घुटी, पाणी काही पाजू नये. दूधही डॉक्टरांना विचारूनच द्यावे. दुआ जरूर करावी. ती गाडीत बसूनही करता येते. पैशांच्या काळजीने थांबू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात तपासणी, औषधे, उपचार आणि ने-आण मोफत आहे.

लवकर पोहोचलेल्या बहुतेक बाळांचे पोट कापावे लागत नाही. गुदद्वारातून हवा किंवा सलाइन दाबाने सोडून आतडे सरळ करता येते. उशीर झाला तर शस्त्रक्रिया, आणि कधी आतड्याचा तुकडा काढावा लागतो. घरी आल्यावर पुन्हा तसेच रडू आले, तर पुन्हा रुग्णालय गाठावे. हा आजार काही बाळांत उलटतो.

आता लसीविषयी. जुलाबाच्या रोटाव्हायरसवरील एक लस अमेरिकेत 1999 मध्ये मागे घेण्यात आली. तिच्यामुळे काही बाळांना हाच आजार झाला होता. ती गोष्ट ऐकून काही घरांत आजच्या लसीलाही नकार दिला जातो. आजची लस ती नव्हे. भारतात तयार झालेल्या रोटाव्हॅकची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढू येथे झाली. 2016 मध्ये ती सरकारी लसीकरणात आल्यावर देशातील 27 रुग्णालयांत या आजारावर नजर ठेवण्यात आली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. महाराष्ट्रात 2019 पासून रोटाव्हायरसची लस मोफत मिळते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस वेळेवर द्यावेत.

बाळाला पोट दुखते, हे सांगता येत नाही. त्याचे रडणे हीच त्याची भाषा. मधल्या शांततेत आपण निश्चिंत होऊन झोपू नये, एवढेच त्याचे मागणे.