मध्यरात्रीचे नागपूर, दुपारचे सावरगाव

पांढुर्ण्यासमोर, जाम नदीच्या पलीकडच्या काठावर वसलेल्या सावरगावचे नाव वर्षातून एकदाच वृत्तपत्रांत झळकते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या निमित्ताने. एरवी या मुलखातील मराठी शेतकरी संत्र्याची बाग कशी जोपासतो आणि ती उभीच्या उभी व्यापाऱ्याच्या हवाली का करतो, याची विचारपूस कोणी करीत नाही. तेथून शंभरएक किलोमीटरांवरील नागपुरात मात्र हवाई मालवाहतुकीचे महाकेंद्र उभारण्याची भाषा वीसहून अधिक वर्षे चालू आहे. ही दोन टोके जुळत का नाहीत, हा प्रश्न किनाऱ्यावरील आपणांसही विचार करावयास लावणारा आहे.

रातोरात माल पोचविण्याची कल्पना अमेरिकेची, असा समज रूढ आहे. 17 एप्रिल 1973 रोजी फेडरल एक्स्प्रेस कंपनीने मेम्फिस येथून 14 विमानांच्या साहाय्याने 186 पुडकी 25 शहरांकडे रवाना केली, हे खरे. परंतु त्याच्या चोवीस वर्षे आधी, 1949 च्या जानेवारीत, आपल्याकडे नागपूर हेच मधले ठाणे धरून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली होती. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावच्या तळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत परत फिरत.

यामागील गणित साधे आहे. वीस शहरे एकमेकांशी थेट जोडावयाची, तर 190 मार्ग लागतात. मध्ये एक ठाणे ठेवले की वीस मार्गांत काम भागते. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे निराळे सांगावयास नको. पण आरे तुंब्यात नुसते बसून चालत नाहीत. ते धावेपर्यंत पोचावे लागतात. पेटीतून पत्रे काढण्याची, त्यांच्या वर्गवारीची आणि थैल्या तळावर नेण्याची वेळ मध्यरात्रीच्या त्या एका क्षणाशी बांधलेली असेल, तरच अशी सेवा चालते. एक कडी अर्धा तास चुकली, की विमानाचा वेग व्यर्थ जातो.

नेमके हेच भान आज सुटले आहे. 2002 मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, मिहान प्रकल्प आखला गेला. तेथे विमानदुरुस्तीचा कारखाना आला, संगणक कंपन्या आल्या. त्यांचे स्वागतच आहे. मात्र मालवाहतुकीचे जाळे धावपट्टीपासून नव्हे, बांधापासून आखावे लागते. मध्यरात्री विमान उडावयाचे असेल, तर फळ दुपारपर्यंत उतरले पाहिजे. गावाजवळच प्रतवारी, शीतकरण व बांधणी झाली पाहिजे आणि तपासणीचे कागद माल पोचण्यापूर्वी सिद्ध हवेत. 1949 मध्ये सावरगाव आणि नागपूर एकाच मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. 1956 मध्ये त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. संत्र्याला ती सीमा ठाऊक नाही. नियोजनाला मात्र तिच्यापलीकडचे दिसत नाही.

संत्रे वजनाला जड आणि मोलाला हलके. ते विमानाने परवडेल कसे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. सारा माल विमानाने जाणार नाही, जाऊही नये. त्याच्यासाठी रेल्वे आहे, रस्ता आहे. परंतु निवडक, प्रतवारी केलेले फळ दूरच्या बाजारी गेले, तर बागेच्या सौद्यात शेतकऱ्याच्या शब्दाला वजन येईल. शिवाय जाताना भरलेले विमान येताना रिकामे आले, तर भाड्याचा बोजा दुप्पट होतो. म्हणून औषधे, यंत्रांचे सुटे भाग, लसी असा परतीचा माल त्याच आखणीत धरावा लागतो.

चिपीचा विमानतळ 2021 मध्ये, मोप्याचा 2023 मध्ये वाहतुकीस खुला झाला. उद्या हापूस आणि मासळी यांच्या नावाने येथेही मालकेंद्रांच्या घोषणा होतील. त्या वेळी आमचा प्रश्न एकच राहील: देवगडच्या बागेतून आणि मालवणच्या बंदरातून माल कोणत्या घटकेला निघणार आणि त्याची वाट कोण पाहणार? याचे उत्तर नसेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. मध्यरात्रीचे नागपूर आपण एकदा उभे करून दाखविले आहे. आता दुपारच्या सावरगावापासून आरंभ करावा.