मध कोठें आहे?

या सदरांत आजवर लोणच्यांपासून ग्रंथालयांपर्यंत नाना विषय येऊन गेले. परंतु मद्याचा विषय आम्हीं कधीं काढला नव्हता. आज तो निघत आहे. ज्या घरांत हें मासिक आजोबांच्या हातून सुनांच्या हातीं आणि सुनांच्या हातून नातवंडांच्या हातीं जातें, तेथें त्याचा प्रवास या महिन्यांत एखाद्या टप्प्यावर थांबला तर आमची तक्रार नाहीं. मात्र थांबविणारांनीं आधीं शेवटपर्यंत वाचावें, एवढीच विनंति.

आम्ही चौघे स्नेही गेलीं तीस वर्षें दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं कोठें ना कोठें एकत्र बसतों. एक वकील, एक डॉक्टर, एक रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आणि चौथे आम्ही. पैकीं प्राध्यापकांनीं जन्मांत मद्याला ओठ लावलेला नाहीं; चहासुद्धां ते अर्धाच कप घेतात. त्यांच्या धाकट्या चिरंजीवानें वडिलांच्याच विषयांत पदवी घेतली, एका मोठ्या कारखान्यांत चांगली नोकरी धरली, आणि तीन वर्षांपूर्वीं ती सोडून पुण्यांतच एका लहानशा, सरकारमान्य बीअरच्या भट्टीवर तो मुख्य कारागीर म्हणून रुजू झाला. मुलगा आमच्या डोळ्यांसमोर वाढलेला, म्हणून त्याचा उल्लेख एकेरी करतों.

घरांत भांडण झालें नाहीं. झालें असतें तर बरें, असें आम्हांला अनेकदां वाटे. बापलेक एका पंक्तीला जेवत, पावसापाण्याचें बोलत, आणि मुलाचा उद्योग काय हें त्या घरांत कोणी उच्चारीत नसे. पाहुण्यानें विचारलेंच तर प्राध्यापक ‘तो अन्नप्रक्रियेंत आहे’ असें सांगत. शब्दशः तें खोटें नव्हतें.

गेल्या हिवाळ्यांत हा मुलगा आमच्याकडे आला. त्यानें मध घालून एक नवी बीअर तयार केली होती आणि ती गिऱ्हाइकांपुढें ठेवण्यापूर्वीं चार जाणत्या माणसांकडून तिला गुण हवे होते. “काका, तुम्ही तिघे या. बाबांना मात्र विचारूं नका.” आम्हीं वचन दिलें आणि तें पाळलें. प्राध्यापकांना विचारलें तें वकिलांनीं. कारण वचन त्यांनीं दिलें नव्हतें! आश्चर्य हें कीं, प्राध्यापक ‘येतों’ म्हणाले.

ठरल्या दिवशीं, गिऱ्हाइकें येण्यापूर्वीं, दुपारीं आम्ही तेथें पोंचलों. वकिलांनीं दारांतच आमचे परवाने पाहिले. १९४९ चा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रांत आजही पुस्तकांत आहे आणि पिणाराजवळ परवाना असावा लागतो, ही गोष्ट पिणारे मोठ्या सोयीनें विसरतात. प्राध्यापकांचा प्रश्नच नव्हता. वडिलांना पाहतांच मुलानें हात पुसले, पुन्हां पुसले. “बाबा, तुम्ही?” “बघायला आलों आहें. पिणार नाहीं,” प्राध्यापक म्हणाले, आणि थेट पोलादी टाक्यांकडे वळले.

त्या टाक्या पाहून आमचाही एक समज गळून पडला. भट्टी म्हटली कीं धूर, काळोख आणि उग्र दर्प असें चित्र आमच्या मनांत होतें. येथें तर एखाद्या शस्त्रक्रियागृहाची स्वच्छता होती. सातूला मोड आणून तो वाळवावयाचा, भरडावयाचा, ऊन पाण्यांत मुरवून त्यांतील पिष्टाची साखर करावयाची, तें गोड पाणी हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें घालून उकळावयाचें, निववावयाचें आणि मग त्यांत यीस्ट सोडावयाचें. साखर खाऊन यीस्ट मद्यार्क आणि वायु सोडतें. आमच्या घराघरांतील द्राक्षासव आणि कुमारी आसव याच वाटेनें होतात. तेथें हें काम धायटीच्या फुलांकडे सोंपविलेलें असतें, आणि बाटलींत शेंकडा पांच ते दहापर्यंत मद्यार्क सहज भरतो. जेवणानंतर दोन चमचे आसव घेणाऱ्या आमच्या एका सोंवळ्या आत्याबाईंना हें सांगण्याचें धैर्य आम्हांला कधीं झालें नाहीं.

मुलानें प्रत्येकापुढें एक गुणपत्रक ठेवलें. परदेशांतील बीअरचे परीक्षक वापरतात तीच पद्धत: सुगंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडांत लागणाऱ्या स्पर्शाला ५, आणि एकंदर परिणामाला १०, मिळून ५०. रूपाला अवघे तीनच गुण, हें पाहून आम्हांला त्या परीक्षकांविषयीं आदर वाटला. मुली पाहावयास जाणारांनीं पूर्वीं ही वाटणी पाहिली असती तर बरें झालें असतें.

पेले आले. रंग फिकट सोनेरी, वर पांढरा फेंस. आम्हीं घोट घेतला. घोट स्वच्छ होता, थंड होता, किंचित् कडसर होता. आणि पातळ होता. मध म्हणून जें कांहीं जिभेनें शोधावयाचें तें सांपडलें नाहीं. डॉक्टरांनीं दोन घोट घेऊन पेला दूर सारला. मद्याची निर्धोक अशी मात्राच नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे, हें ते दर वेळीं सांगतात, आणि दर वेळीं दोनच घोट घेतात. आतां गुण. मुलगा समोर उभा. त्याला आम्हीं खांद्यावर घेऊन गणपति दाखविलेले. आम्हीं ३९ लिहिले. वकिलांनीं ४१. डॉक्टरांनीं ३६. शिवाय आम्हीं ‘मधाची हलकीशी छटा मोहक आहे’ अशी एक ओळही खरडली, आणि ती लिहितांना आमचा हात अडखळला नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. मुलानें तिन्ही कागद वाचले, “आभारी आहें, काका,” असें म्हटलें आणि ते घडी घालून बाजूस ठेवले.

इतक्यांत प्राध्यापकांनीं चौथा पेला उचलला. ओठांकडे नेला नाहीं. प्रयोगशाळेंत नळी धरावी तसा तो उजेडाकडे धरला, हलकेच फिरविला, त्यावर तळहात झांकला आणि तो काढून नाकाशीं नेला. एकदां, दोनदां, तीनदां.

“मध कोठें आहे?” त्यांनीं विचारलें.

कोणी बोलेना.

“किती घातलास?”

“आंबणाऱ्या साखरेचा दहावा हिस्सा.”

“केव्हां?”

“उकळी चालू असतांना. शेवटचा अर्धा तास.”

“मग तो मध तूं पुण्याच्या हवेला पाजलास.”

त्यानंतर जवळजवळ पाऊण तास बापलेकांचें जें संभाषण झालें त्यांत आमचें तिघांचें अस्तित्व कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं. सार आम्हांला समजलें तें असें. मधांत शेंकडा ऐंशीच्या आसपास साखरच असते, आणि तीही बहुतेक फळांतली साखर व द्राक्षांतली साखर. यीस्टला हें पक्वान्न. तें ती जवळजवळ सारी फस्त करतें. सातूच्या साखरेचा कांहीं भाग मात्र त्याला पचत नाहीं, तो मागें उरतो आणि पेयाला अंग देतो. म्हणून मध घातला कीं गोडी वाढेल ही अपेक्षाच उलटी. गोडी जाते, पेय कोरडें आणि पातळ होतें. मधाचें म्हणून जें शिल्लक राहूं शकतें तो केवळ फुलांचा वास, आणि तो तर उडून जाणारा. उकळीनें तो पहिल्यांदा जातो. मुलाला हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु मधांत रानटी यीस्ट असतें, तें टाकींत शिरलें तर सारी तुकडी नासेल, या धास्तीनें त्यानें मध उकळला होता.

“उकळूं नको. झांकलेल्या भांड्यांत ६३ अंशांवर अर्धा तास धर, तसाच झांकून निवव, आणि आंबण्याचा भर ओसरल्यावर घाल,” प्राध्यापक म्हणाले. “आणि हा बाजारचा मिसळीचा मध घेऊं नको. महाबळेश्वरचा जांभळाचा आण. पंचामृताला घरीं येतो तो.” जांभळाचा मध काळसर, थोडा कडवट. २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालेलें मांघर त्याच डोंगरांत आहे. सात वर्षांनीं एकदां फुलणाऱ्या कारवीचाही मध त्या भागांत मिळतो.

वातावरण सैल करण्यासाठीं वकिलांनीं कौटिल्याचा दाखला काढला. अर्थशास्त्रांत मद्यांची यादी आहे, तींत ‘मधु’ नांवाचें एक मद्य येतें. पण तें द्राक्षांच्या रसाचें, मधाचा त्याच्याशीं संबंध नाहीं. तेव्हां नांवांत मध आणि पेल्यांत नाहीं, ही परंपरा बरीच जुनी म्हणावयाची! प्राध्यापक हंसले. मुलगा हंसला नाहीं; तो वहींत लिहीत होता. आमच्या ३९ गुणांची त्या वहींत नोंद झाली नसावी.

निघतांना प्राध्यापकांनीं आपलें गुणपत्रक मागितलें. सुगंधासमोर ‘४’ लिहिले आणि बाकीचे रकाने कोरे ठेवले. न प्यालेल्या पेयाला चवीचे गुण कसे द्यावेत, असें त्यांचें म्हणणें. त्यांच्या कागदापाशीं आमचा कागद ठेवतांना आम्हांला कोणी परीक्षेंत नक्कल करतांना पकडल्यासारखें झालें. तिघांनाही जें जाणवलें होतें तें एकानेंही सांगितलें नव्हतें, आणि ज्यानें पेल्याला ओठ लावला नाहीं त्यानें सांगितलें.

दोन महिन्यांनीं दुसरी तुकडी तयार झाली. या खेपेस निरोप मुलानें थेट घरींच दिला होता, असें मागाहून कळलें. पेला पुढें आला तेव्हां फेंस विरण्यापूर्वींच जांभळाच्या मोहोराची, किंचित् लाकडासारखी अशी झुळूक आली. चव पहिल्याहून पुष्कळ बरी, शेवटीं एक सुखद कडवटपणा. आम्हीं प्रामाणिकपणें ३३ दिले. पातळपणा अजून होता आणि तसें आम्हीं लिहिलें. मुलानें आमचा कागद या वेळीं दोनदां वाचला. प्राध्यापकांनीं बराच वेळ वास घेऊन सुगंधासमोर ‘९’ मांडले. बाकीचे रकाने कोरेच. बेरजेचा रकाना तरी भरा, असें वकिलांनीं सुचविलें, तें त्यांनीं मानलें नाहीं.

रस्त्यावर आल्यावर त्यांनीं डॉक्टरांना हळूच विचारलें, “तोंडांत कशी लागते? अजून पातळ आहे का?”

“थोडी आहे.”

“मग सातूबरोबर गव्हाचें प्रमाण वाढविलें पाहिजे. घरीं गेल्यावर सांगतों त्याला,” असें म्हणून ते रिक्षांत बसले.