घोड्यांमधलं मानपान आणि मैत्री

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. या एकाच म्हणीत साहेब आणि घोडा दोघेही यावेत याची मला नेहमी गंमत वाटते. दोघांबद्दलची आपली समजूतही एकच आहे. जो वरचा, तो लाथ मारणार!

प्राण्यांच्या कळपाचा विषय निघाला की माणसं हमखास विचारतात, "यांच्यात मुख्य कोण?" "यांच्यात कोणाचं कोणाशी जमतं?" असं विचारणारा माणूस मला तरी क्वचितच भेटला. माझं मत असं आहे, की घोडा पाळणाऱ्याने हा दुसरा प्रश्न आधी विचारावा. पहिल्याचं उत्तर आपोआप मिळतं.

आजच हे लिहायला कारण घरगुती आहे, आणि हा ब्लॉग वाचणाऱ्या निम्म्या मंडळींना ते ठाऊकही आहे :-) बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. कारंज्याला दारव्हा रस्त्याकडे आमची सामाईक जमीन आहे. तिच्या एका कोपऱ्यात दीडेक एकराचं पडीक आहे, आणि तिथे दादाची तीन जनावरं असतात. राणी ही म्हातारी होत आलेली घोडी, चंद्री ही ऐन उमेदीतली पांढरी घोडी, आणि लाल्या नावाचं एक तट्टू. दोन्ही घोड्या लग्नाच्या वरातीला जायच्या. आता नवरदेव फुलांनी मढवलेल्या गाडीतून येतो, पुढे डीजे असतो, आणि घोडीला बोलावणं दहातल्या दोन लग्नांत येतं. चंद्रीला मराठवाड्यातून गिऱ्हाईक आलं आहे. भाव चांगला आहे. पण त्याला एकटी चंद्रीच हवी आहे. दिवाळीला सगळे जमलो की ठरवायचं आहे. तेव्हा सगळे एकाच वेळी बोलतात, आणि माझा आवाज तसाही लहान. म्हणून आधीच लिहून ठेवतो.

आधी मानपान बघू. ते खोटं नाही. आमच्या तिघांतही आहे. सिमेंटच्या टाक्यात पाणी सोडलं की पहिलं तोंड राणी घालते. चंद्री तिच्याहून हातभर उंच आणि अंगाने भरलेली, पण ती दोन पावलं मागे थांबते. लाल्या सगळ्यात शेवटी. यासाठी राणीला कधी दुगाण्या झाडाव्या लागत नाहीत. ती नुसते कान मागे पाडते आणि मान थोडी लांबवते. तेवढ्याने काम होतं. घोड्यांवर अभ्यास करणारे सांगतात तेही हेच : दर्जा ठरतो तो बराचसा वयावरून आणि कळपात कोण किती जुनं आहे त्यावरून, नुसत्या ताकदीवरून नाही. आणि ही उतरंड नेहमी सरळ शिडीसारखीही नसते. कधी कधी पहिली दुसरीला हटवते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी परत पहिलीला! आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या उतरंडीचा उपयोग काय? तर भांडण टाळणं. कोण आधी हे एकदा ठरलं की रोज मारामारी करावी लागत नाही. कोंबड्यांमधली अशी टोचाटोचीची उतरंड नॉर्वेच्या थोर्लीफ श्येल्डेरूप-एब्बे या अभ्यासकाने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली, आणि तेव्हापासून जगाला प्रत्येक कळपात उतरंडच दिसू लागली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कोंबड्या असोत की घोडे, ही उतरंड ठळक दिसते ती दाणा एका जागी टाकल्यावर. आमच्या पडिकावर पावसाळ्यात गवत वाढलेलं असताना कोण वरचं आणि कोण खालचं हे तासभर बघत बसलात तरी सांगता येणार नाही. घोडा दिवसाचे १२ ते १६ तास चरतो. गवत सगळीकडे आहे, मग कोणाला हटवायचं कशाला? उन्हाळ्यात एकाच घमेल्यात चंदी टाकली की मात्र कान पडतात. म्हणजे ज्याला आपण जनावराचा स्वभाव म्हणतो, त्यातला बराचसा भाग आपल्या घमेल्याचा असतो. दादाने गेल्या वर्षी तीन जनावरांना चार घमेली लांब लांब ठेवायला सुरुवात केली आणि लाल्याच्या अंगावरच्या चावल्याच्या खुणा गेल्या. एवढा साधा उपाय.

खरं सांगायचं तर मानपानाची हौस जनावरांपेक्षा आपल्यालाच जास्त आहे. आपल्या वऱ्हाडातला पोळा आठवा. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या होतात, आणि आधी मानाची जोडी जाते. ती जोडी मानाची का? तर बैल पाटलाचे म्हणून. बैलांना त्यातलं काय कळतं? बैलाला एवढंच कळतं की आपल्या डाव्या किंवा उजव्या अंगाला नेहमीचा सोबती आहे की नाही.

आता मैत्रीकडे येतो, कारण खरा मुद्दा तोच आहे.

राणी आणि चंद्री दुपारी बाभळीखाली उभ्या असतात तेव्हा एकीचं तोंड दुसरीच्या शेपटीकडे असतं. एकीच्या शेपटीने दुसरीच्या तोंडावरच्या माश्या जातात. मग कधीतरी त्या समोरासमोर येतात, आणि मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर एकमेकींना दातांनी खाजवतात. आपण खरारा करतो ना, तसाच, फक्त दोघींचा एकाच वेळी. यात मानपान नाही. वरची खालचीला खाजवते आणि खालची वरचीला. लाल्याशी राणीचं वैर नाही, पण त्याला ती इतकं जवळ येऊ देत नाही. मैत्री ही निवडलेली असते, हे जनावरांतही दिसतं.

या खाजवण्याचा अभ्यासही झाला आहे. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाने घोड्याला नेमकं याच जागी खाजवलं, आणि हृदयाचे ठोके मंदावले असं दिसलं. दुसऱ्या जागी खाजवून तो परिणाम झाला नाही. म्हणजे घोडे एकमेकांसाठी जी जागा निवडतात ती उगीच नाही.

त्याहून मोठी गोष्ट न्यूझीलंडमधली. तिथल्या कैमानावा डोंगराळ भागात मोकाट घोड्यांचे कळप आहेत. एक किंवा थोडे नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरं, असे ते कळप. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं आढळलं, की ज्या घोड्यांची कळपातल्या इतर घोड्यांशी जास्त घट्ट मैत्री होती, त्यांना नरांचा त्रास कमी झाला, शिंगरं जास्त झाली, आणि ती जगलीही जास्त. विशेष म्हणजे या मैत्रिणी एकमेकींच्या बहिणी किंवा माय-लेकी नव्हत्या. रक्ताचं नातं नसताना जमलेली मैत्री शिंगराच्या जगण्या-मरण्यापर्यंत पोचते, हे वाचून मी कितीतरी वेळ विचार करत बसलो होतो.

झोपेचं बघा. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण स्वप्नं पडतात ती गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. आणि आडवं व्हायचं तर कोणीतरी जागं हवं, कारण घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. आमच्याकडे पहाटे चंद्री पसरलेली असते आणि राणी तिच्या डोक्याशी उभी. थोड्या वेळाने अदलाबदल. एकट्या बांधलेल्या घोड्यासाठी कोण जागं राहणार?

हे सगळं नवं ज्ञान आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण जोडीतल्या जनावरांकडे रोज बघणाऱ्या माणसांची आहे. जोडीतला एक बैल गेला की दुसरा महिनाभर गव्हाणीत तोंड घालत नाही, हे आमच्या आजोबांच्या पिढीतला कोणीही सांगत असे. आमच्याकडे जनावरांचं बघणाऱ्या म्हाताऱ्या मामांनी परवा दादाला सांगितलं, "त्या दोघीइले येगळं नोका करू भाऊ. मंग एकही कामाची नाही राहात." मामांनी न्यूझीलंडचा अभ्यास वाचलेला नाही.

पूर्वी हे ज्ञान टिकून होतं, कारण कळप होते. गावाची गुरं सकाळी आखरावर जमायची आणि ढोरक्यासोबत ई-क्लासच्या जमिनीवर चरायला जायची. कोणती गाय कोणत्या गायीजवळ बसते हे ढोरक्याला तोंडपाठ असे. मग ट्रॅक्टर आले, ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, ज्वारीबरोबर कडबा गेला, ई-क्लासवर अतिक्रमणं झाली. गावोगावचे कळप मोडले आणि दावणीला एकेक जनावर उरलं. काळवीटांचे कळप बघायला आम्हाला सोहोळच्या अभयारण्यात जाता येतं, पण गावच्या गुरांचा कळप बघायचा तर शोधावा लागतो. पश्चिम महाराष्ट्रात अजून धनगरांच्या वाड्याबरोबर भीमथडीची तट्टं चालतात, मुक्कामाला पायबंद घालून का होईना, पण एकमेकांजवळ चरतात. या भीमथडीला अलीकडे स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता मिळाली, याचा आनंद आहे. पण जात टिकवायची म्हणजे नुसता रंग आणि उंची टिकवायची का? ते जनावर ज्या सोबतीत वाढलं, ती सोबतही जातीचाच भाग नाही का?

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आम्हा कारंजेकरांना दत्त महाराजांचं म्हणून त्या यात्रेचं अप्रूप. राणी तिथूनच आली. त्या बाजारात घोड्याची चाल बघतात, दात बघतात, अंगावरचे भोवरे बघतात, शुभ-अशुभ बघतात. "हा कोणाबरोबर राहत होता?" हे विचारताना मी कोणालाही ऐकलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनी असं ठरवलं आहे, की घोड्याला दुसरा घोडा दिसला, ऐकू आला आणि त्याचा वास आला पाहिजे. तिथे जे कायद्याने सांगावं लागलं ते इथे मामा फुकट सांगत आहेत.

आता विरुद्ध बाजू. ती मला मान्य आहे, कारण दादाचा खर्च मी भरत नाही. कुटार विकत घ्यावं लागतं, नाल मारणारा कारागीर आता सहज मिळत नाही, वरातीचे पैसे आटले. राणी म्हातारी आहे, तिला कोणी विकत घेणार नाही. दादा म्हणतो, "जनावर आहे, चार दिवस खिंकाळेल, मग रुळेल." रुळेल हे खरं. घोडे नव्या कळपात रुळतात, नवे मित्रही करतात. पण त्यासाठी तिथे कळप हवा. हे गिऱ्हाईक चंद्रीला एका पत्र्याच्या शेडमध्ये एकटी ठेवणार आहे, हे त्यानेच सांगितलं. तिथे ती कोणाशी रुळणार? भिंतीशी?

आणखी एक आक्षेप येईल तो असा, की मी माणसाच्या भावना जनावरावर लादतो आहे. मला नाही तसं वाटत. राणीच्या मनात काय आहे याचा दावा मी करतच नाही. ती कोणाजवळ उभी राहते, कोणाजवळ झोपते, कोणाला खाजवते, हे दिसतं. जे दिसतं तेवढ्यावर ठरवलं तरी पुरे आहे. उलट "घोडीला काय कळतं" हे म्हणणं म्हणजेच न बघता लादलेलं मत आहे.

तर दिवाळीच्या बैठकीसाठी माझं म्हणणं असं. विकायचं तर दोघी एकत्र विकाव्या, राणीचा भाव शून्य धरला तरी चालेल. तसं गिऱ्हाईक मिळत नसेल तर जिथे आधीच घोडे आहेत अशाच ठिकाणी चंद्री द्यावी, भाव कमी आला तरी. आणि तेही जमत नसेल तर राणी जाईपर्यंत थांबावं. कुटाराच्या खर्चात माझा तिसरा हिस्सा, हे मी इथे सगळ्यांसमोर लिहून देतो आहे. पुण्या-मुंबईच्या मंडळींनीही आपापला आकडा कळवावा, नुसतं "छान लिहिलंय" म्हणू नये. लाल्याला मात्र कोणीच मागितलेलं नाही. त्यामुळे तो जिथे आहे तिथेच राहणार, आणि त्याच्यासाठीसुद्धा कोणीतरी जवळ हवंच.