वेल कुणासाठी?

आपल्या साहित्यातली वेल बहुधा कुणीतरी पाणी घालून वाढवलेली असते. हा संस्कार फार जुना आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पहिल्या अंकात शकुंतला आंब्याला बिलगलेल्या नवमालिकेला पाणी घालते आणि त्या शिंपण्याने दचकलेला भुंगा तिच्या मुखाभोवती घोटाळू लागतो. रसिकांचे लक्ष त्या मुखाकडे जाते (दुष्यंताचेही तिकडेच होते). भुंगा वेलीवर मुळात कशासाठी बसला होता, हे विचारायचे राहून जाते.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या नगर जिल्ह्यात, २०२४ पासूनच्या अहिल्यानगरात, हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. इथे कांद्याच्या बीजोत्पादनाला मधमाशी लागते. कांद्याचा फुलोरा उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. पुढचे महिने तिने कशावर काढायचे?

नेवाशात इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा या भागात वेल म्हटले की ज्ञानदेवांच्या मोगऱ्याच्या अभंगाची आठवण होणारच. परंतु रूपकातला मोगरा आणि अंगणातला मोगरा एक नव्हेत. अंगणातल्याला नेमके टँकरच्या दिवसांत पाणी हवे असते. त्याच्या कळ्या उमलण्याआधीच गजऱ्यासाठी खुडल्या जातात, आणि भरगच्च पाकळ्यांच्या जातींत तर पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. कीटकाच्या वाट्याला सुगंधाखेरीज काय उरते? महाविद्यालयांच्या कुंपणांवरची बोगनवेल निदान पाणी मागत नाही. पण तिचा रंग फुलांचा नव्हे, फुलांभोवतीच्या पानांचा. दिखाऊपणाला याहून नेमकी प्रतिमा सापडणे कठीण.

माझा कौल गोकर्णीला आहे. संस्कृतात तिला अपराजिता म्हणतात, आणि कोरडवाहू जमिनीत ते नाव तिला शोभते. मुळे खोल जातात, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. फूल मात्र चमत्कारिक : ते उलटे असते. रुंद निळी पाकळी खाली, पुंकेसर वर. भुंगा पाकळीवर उतरून आत डोके घालतो तेव्हा पराग त्याच्या पाठीवर पडतात. कुणी आलेच नाही तरी ती स्वपरागणाने शेंग धरते. आंब्याला बिलगलेल्या नवमालिकेहून हा स्वभाव निराळा आहे; स्त्रीला वेलीची उपमा देणाऱ्यांनी तो अद्याप मनावर घेतलेला दिसत नाही.

‘ऋतुचक्रा’त (१९५६) दुर्गा भागवतांनी झाडाफुलांकडे त्यांच्या स्वतःच्या जीवनक्रमासह पाहिले, आणि नेवाशाच्या खांबावर ‘पैस’ही त्यांनीच लिहिला. ही दोन पुस्तके शिकवणाऱ्या विभागाच्या कुंपणावर एक गोकर्ण असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. शेजारी आपणहून उगवलेली उतरण दिसली तर तण म्हणून उपटू नये. ती रुईच्या कुळातली आहे आणि कीटकांची ओळखीची आहे.

गोकर्णीचे बी टणक असते. रात्रभर भिजवून पहिल्या चांगल्या पावसानंतर टोचावे. रोपवाटिकेत दुहेरी पाकळ्यांचे रोप पुढे केले जाईल; आपण एकेरी फुलाचेच मागावे.