उजेडात वाचलेली अंधाराची बातमी

२०२५ च्या मे महिन्यातली एक रात्र. सीमेवर भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला होता. वणीत उन्हाळा नेहमीसारखाच रणरणता. डोक्यावर पंखा गरगरत होता, घरात दिवा जळत होता. आणि त्याच दिव्याखाली शेजारचे काका मोबाईलवरचा निरोप वाचून दाखवत होते : पाकिस्तानच्या सायबर हल्ल्याने देशातले ७० टक्के वीजजाळे बंद पडले! मी म्हटले, "काका, आपला पंखा तर चालू आहे." ते म्हणाले, "आपला आहे रे, बाकीच्यांचं पाहा ना!"

त्यांना हसावे, तर मी तरी कुठे शहाणा? एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, हा निरोप वाचून त्याच सुमारास मी भर उन्हात रांगेत उभा राहून आलो होतो. दोन्ही बातम्या खोट्या असल्याचे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केले.

वणी हे कोळशाचे गाव. इथल्या खाणींतला कोळसा वीजकेंद्रांकडे जातो, त्याची धूळ आम्ही खातो. तरी विजेचीच अफवा आमच्या गळी उतरली. का?

कारण संशयाची जमीन आधीच नांगरलेली होती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस एका अमेरिकी संस्थेने सांगितले की, चीनशी संबंधित गटाने भारतीय वीजक्षेत्रातील संगणकांत शिरकाव केला आहे. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी मुंबईच्या अंधारामागे घातपाताची शक्यता वर्तवली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती मानवी चूक ठरवली. सामान्य माणसाने कोणाचे खरे मानायचे? सरकारे अशी दोन तोंडांनी बोलू लागली, की तिसऱ्याच्या खोट्याला आयती जागा मिळते.

हल्ले होतात, यात शंका नाही. त्याच मे महिन्यात 'महाराष्ट्र सायबर'ने १५ लाख हल्ल्यांची नोंद सांगितली. त्यांतले यशस्वी झाले १५०; म्हणजे दहा हजारांत एक. कुळगाव-बदलापूर नगर परिषदेचे संकेतस्थळ त्यांत विद्रूप झाले. तटबंदी बऱ्यापैकी टिकली म्हणायची. पण अफवेला तटबंदी फोडावी लागत नाही. तिला दार आपणच उघडतो आणि दहा घरी फुकटात पोचवतोही. ती परक्या देशातून सुटलेली असो वा आपल्याच कुणाची उचापत, काम शत्रूचेच होते.

अमेरिकेतले उदाहरण पाहा. २१ मे २०१६ रोजी ह्यूस्टनमध्ये एका इस्लामी केंद्रासमोर दोन जमाव समोरासमोर आले. एक विरोधात, एक समर्थनात. दोघांनाही बोलावणारी फेसबुक-पाने रशियातल्या एकाच संस्थेने चालवली होती, हे पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीपुढे उघड झाले. त्या संस्थेला ना एका बाजूचे प्रेम होते, ना दुसरीचे. शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर विश्वास उरू नये, एवढेच हवे होते.

लोकशाही तर त्याच विश्वासावर उभी असते. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म याच वणीतला, १८८० चा. १९३४ मध्ये काँग्रेसशी मतभेद झाले, तेव्हा मालवीयजींसह त्यांनी वेगळा पक्ष काढला. पण १९४३ मध्ये गांधीजींनी उपोषण आरंभले आणि सरकार बधेना, तेव्हा याच अण्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. मत वेगळे असले तरी माणूस आपला, हे त्यांना कळत होते. मोबाईलवरचे निरोप नेमके हेच आपल्याला विसरायला लावतात.

सरकारने संकटात लवकर, एका तोंडाने आणि मराठीतून खरे सांगावे. चूक झाली असेल तर तीही सांगावी. आणि आपण? आमच्या घरी आता नियम आहे : घाबरवणारा निरोप आला, की आधी खातरजमा, मगच पुढे. मुले तो माझ्याहून कसोशीने पाळतात.

काका अजूनही निरोप घेऊन येतात. फरक एवढाच, की आता पुढे पाठवण्याआधी येतात.